इनिटरॅमएफएसमध्ये ओव्हरले अडकलं तर: थर खालून वर तपासण्याची रीत

सकाळी पावणेसहाला फोन आला. "दादा, स्क्रीन काळी पडलीय, खाली इंग्रजीत काहीतरी येऊन थांबलंय. माणसं किटल्या घेऊन उभी आहेत." बोलत होते एका दूध संकलन केंद्राचे सचिव. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) आणि लिटरचे आकडे दाखवणारी तिथली स्क्रीन मी एका रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर बसवून दिलेली आहे. त्यांना म्हटलं, तोवर वहीत नोंदी करा आणि मला स्क्रीनचा फोटो पाठवा. फोटोत शेवटी या दोन ओळी होत्या:

माउंट: माउंटिंग ओव्हरले ऑन /रूट फेल्ड: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट
(इनिटरॅमएफएस)

माउंट म्हणजे फाइलसिस्टिम एखाद्या जागी जोडणं. ओव्हरले म्हणजे एकावर एक थर रचून त्यांची एकच फाइलसिस्टिम दाखवणारी लिनक्सची सोय. आणि इनिटरॅमएफएस म्हणजे खरी सिस्टिम चढण्याआधी रॅममध्ये उघडणारी छोटी तात्पुरती सिस्टिम. मशीन तिच्यातच अडकलं होतं.

अशा वेळी पहिला विचार येतो तो मेमरी कार्डवर नव्याने सिस्टिमची इमेज लिहिण्याचा. त्या दिवशी तसं केलं असतं तर तासभर गेला असता आणि मशीन पुन्हा त्याच ओळीवर येऊन थांबलं असतं, कारण दोष कार्डात नव्हताच. म्हणून इतकंच सांगतो: स्क्रीनवरची ही ओळ कारण सांगत नाही. कारण कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये असतं, आणि ते पक्कं करायचं तर बूट मध्येच थांबवून एकेक थर हाताने लावून पाहावा लागतो. ही रीत एकदा अंगवळणी पडली की दोष सापडायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

खालच्या सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, कीबोर्डवर त्या मूळ स्पेलिंगनेच टाइप करायच्या. उदाहरण डेबियन घराण्यातलं आहे, म्हणजे रास्पबेरी पाय ओएस, उबंटू, डेबियन. फेडोराच्या बाजूला काय बदलतं ते मध्ये सांगितलं आहे.

थर कसे बसतात

ओव्हरलेएफएस, म्हणजेच ओव्हरले, ही मिक्लोश सेरेदी यांची. लिनक्सच्या ३.१८ या आवृत्तीबरोबर, डिसेंबर २०१४ मध्ये, ती मुख्य कर्नलमध्ये आली. त्याआधी युनियनएफएस आणि एयूएफएस होत्या, पण त्या मुख्य कर्नलच्या बाहेरच राहिल्या. २०१५ च्या ४.० आवृत्तीपासून एकाहून जास्त खालचे थर देता येऊ लागले.

तिला तीन डिरेक्टरी लागतात. लोअरडिर म्हणजे खालचा थर, फक्त वाचायचा. अपरडिर म्हणजे वरचा थर, सगळं लिखाण तिथं जातं. वर्कडिर ही कर्नलची कामाची जागा. फाइल वरच्या थरात जाण्याआधी तिथं तयार होते आणि मग एका झटक्यात जागेवर सरकवली जाते. हे सरकवणं एकाच फाइलसिस्टिमच्या आत शक्य असतं, म्हणून अपर आणि वर्क या दोन्ही एकाच माउंटवर असाव्या लागतात. ही अट नीट लक्षात ठेवा, अर्धे घोटाळे तिच्यातूनच निघतात.

खालच्या थरातल्या फाइलमध्ये बदल केला की आधी ती अख्खी फाइल वर कॉपी होते. खालची फाइल खोडली तर खाली ती तशीच राहते, फक्त वरच्या थरात तिच्या नावाची एक खूण बसते. या खुणेला व्हाइटआउट म्हणतात आणि ती ०, ० क्रमांकाचं कॅरेक्टर डिव्हाइस असते.

गावाकडे हे सगळं कशासाठी? लाईट केव्हाही जाते म्हणून. कार्डावर लिखाण चालू असताना लाईट गेली की त्यावरची ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम बिघडण्याची भीती असते, आणि स्वस्त कार्डं तर कायमचीच जातात. खालचा थर फक्त वाचायचा ठेवला की कार्ड सुरक्षित राहतं. आमच्या मांडणीत खालचा थर कार्डावर आहे आणि वरचा एका पेनड्राइव्हवर.

बूट होताना क्रम असा असतो. कर्नल चढतो, इनिटरॅमएफएस रॅममध्ये उलगडते, तिच्यातली इनिट स्क्रिप्ट कार्डावरचं खरं पार्टिशन /रूट या जागी माउंट करते. हे /रूट म्हणजे रूट युजरचं घर नव्हे. इनिटरॅमएफएसच्या आत खऱ्या सिस्टिमला दिलेली ती तात्पुरती जागा आहे, आणि नवीन माणूस इथं हमखास गोंधळतो. त्यानंतर ओव्हरलेची स्क्रिप्ट ते माउंट उचलून बाजूला ठेवते, वरचा थर तयार करते आणि दोघांना जोडून पुन्हा /रूटवर बसवते. शेवटी रन-इनिट खऱ्या सिस्टिमच्या हाती कारभार देते. यातली कुठलीही कडी निसटू शकते.

पहिली पायरी: परतीची वाट मोकळी ठेवा

मशीनला कीबोर्ड आणि स्क्रीन जोडा. कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये घातलं की त्यावरचं छोटं बूट पार्टिशन उघडतं, आणि त्यात सीएमडीलाइन.टीएक्सटी ही फाइल असते. तिची एक प्रत शेजारीच ठेवून द्या. त्या फाइलमधला सगळा मजकूर एकाच ओळीत असावा लागतो. चुकून एंटर दाबलं गेलं तर पुढचे पर्याय वाचले जात नाहीत आणि तुम्ही भलत्याच दोषामागे धावत सुटता.

त्या ओळीतून क्वाएट आणि स्प्लॅश काढा, म्हणजे संदेश दिसू लागतील. पॅनिक= असा पर्याय असेल तर तोही काढा. तो असताना इनिटरॅमएफएस अडचणीत शेल देत नाही, ठरलेल्या सेकंदांनी मशीन रीबूट करते, आणि वाचायला काहीच हाती लागत नाही. साध्या पीसीवर हेच काम ग्रबच्या मेन्यूत ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीत करता येतं. तो बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे भीती नाही.

दुसरी पायरी: अडकलंय नेमकं कुठं?

"अलर्ट! यूयूआयडी डज नॉट एक्झिस्ट" असं दिसलं तर ओव्हरलेपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. खालच्या थराचं पार्टिशनच सापडलेलं नाही. बीएलकेआयडी चालवा, कर्नलच्या ओळीतल्या रूट= मधला यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) जुळतो का ते पाहा आणि तोच दोष आधी काढा.

ओव्हरले माउंट होताना नकार आला तर पुढची तिसरी, चौथी आणि पाचवी पायरी तुमच्यासाठी आहे.

ओव्हरले बसलं, पण पुढे रन-इनिटने इनिट सापडत नाही किंवा कन्सोल उघडत नाही अशी तक्रार केली, तर जोडणी झाली आहे, फक्त जोडून तयार झालेल्या झाडात काहीतरी गायब आहे. आणि मशीन पूर्ण चालू झालं, पण बदल टिकत नाहीत किंवा जुन्याच गोष्टी दिसतात, तर हा चौथा प्रकार. तो सगळ्यात फसवा आहे, कारण एरर कुठेच येत नाही.

तिसरी पायरी: बूट थांबवा

कर्नलच्या ओळीत, म्हणजे सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये किंवा ग्रबच्या त्या ओळीत, ब्रेक=बॉटम असं जोडा. डेबियनची इनिटरॅमएफएस टॉप, मॉड्यूल्स, प्रीमाउंट, माउंट, माउंटरूट, बॉटम आणि इनिट या टप्प्यांवर थांबू शकते. बॉटमवर थांबली की कार्ड /रूटवर माउंट झालेलं असतं, पण इनिट-बॉटम फोल्डरमधल्या स्क्रिप्ट अजून सुरू झालेल्या नसतात. ओव्हरलेची स्क्रिप्ट बहुधा तिथंच असते, त्यामुळे तपासायला याहून सोयीची जागा नाही. शेलमध्ये एक्झिट दिलं की बूट पुढे सरकतं.

तुमची स्क्रिप्ट लोकल-बॉटममध्ये असेल तर मात्र ब्रेक=बॉटमला उशीर झालेला असतो, तोवर ती चालून गेलेली असते. अशा वेळी स्क्रिप्टमध्येच, संशयाच्या जागी, पॅनिक हे फंक्शन बोलवा. ते तिथल्या तिथे शेल देतं. खरं म्हणजे ओव्हरले स्क्रिप्टच्या प्रत्येक माउंटपुढे "नाहीतर पॅनिक, अमुक थर लागला नाही" अशी जोड असायलाच हवी. मी आता त्याशिवाय एकही स्क्रिप्ट कुणाच्या मशीनवर ठेवत नाही.

ब्रेक सोबत डीबग हा शब्द दिला तर स्क्रिप्टची प्रत्येक ओळ /रन/इनिटरॅमएफएस/इनिटरॅमएफएस.डीबग या फाइलमध्ये नोंदली जाते. फेडोरा, रेड हॅट आणि ड्रॅकट (इनिटरॅमएफएस बांधणारं दुसरं साधन) वापरणाऱ्या इतर सिस्टिमवर आरडी.ब्रेक=प्री-पिव्हट द्यायचं. तिथं खरी सिस्टिम /सिसरूटवर असते आणि अडचणीचा अहवाल /रन/इनिटरॅमएफएस/आरडीएसओएसरिपोर्ट.टीएक्सटी मध्ये मिळतो.

चौथी पायरी: थर हाताने लावा

शेल मिळालं की आधी काय काय माउंट आहे ते पाहा:

कॅट /प्रॉक/माउंट्स

/रूट कुठल्या पार्टिशनवरून आलं आणि ते आरओ (फक्त वाचायचं) आहे की आरडब्ल्यू (वाचायचं-लिहायचं), दोन्ही लिहून घ्या. मग कर्नलला ओव्हरले माहीत आहे का ते विचारा:

मॉडप्रोब ओव्हरले
ग्रेप ओव्हरले /प्रॉक/फाइलसिस्टिम्स

दुसऱ्या कमांडने काहीच दाखवलं नाही तर शोध इथंच संपला. ओव्हरलेचं मॉड्यूल (कर्नलला गरजेनुसार जोडायचा तुकडा) इनिटरॅमएफएसमध्ये भरलेलं नाही किंवा दुसऱ्याच कर्नलचं भरलं आहे. अशा मशीनवर ओव्हरले माउंट करताना "नो सच डिव्हाइस" असा संदेश येतो. तो वाचून लोक पेनड्राइव्ह काढून-घालून पाहतात, पण इथं हार्डवेअरचा संबंध नसतो. फाइलसिस्टिमचा हा प्रकारच मला ठाऊक नाही, असं कर्नल म्हणत असतो.

आता खरी परीक्षा. वरच्या थरासाठी पेनड्राइव्ह न घेता आधी रॅम घ्या (टीएमपीएफएस ही रॅममध्येच राहणारी फाइलसिस्टिम):

एमकेडिर /लोअर /आरडब्ल्यू
माउंट -टी टीएमपीएफएस टीएमपीएफएस /आरडब्ल्यू
एमकेडिर /आरडब्ल्यू/अपर /आरडब्ल्यू/वर्क
माउंट -ओ मूव्ह /रूट /लोअर
माउंट -टी ओव्हरले ओव्हरले -ओ लोअरडिर=/लोअर,अपरडिर=/आरडब्ल्यू/अपर,वर्कडिर=/आरडब्ल्यू/वर्क /रूट
एलएस /रूट

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीचा क्रम बघा. अपर आणि वर्क आधी बनवून नंतर टीएमपीएफएस माउंट केलं तर त्या दोन्ही नव्या माउंटखाली झाकल्या जातात आणि कर्नलला सापडत नाहीत. हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडली तरी पर्याय तुटतात.

रॅमवर हे नीट बसलं आणि एलएसमध्ये बिन, ईटीसी, यूएसआर दिसले, तर कर्नल, मॉड्यूल आणि खालचा थर तिन्ही ठीक आहेत. दोष वरच्या थरात आहे. रॅमवरही बसलं नाही तर पेनड्राइव्ह निर्दोष, खाली पाहा. या एका चाचणीने शोधाचं क्षेत्र निम्मं होतं.

आता सगळं उलट्या क्रमाने सोडवा. आधी /रूट अनमाउंट, मग /लोअर मूव्ह करून परत /रूटवर, मग /आरडब्ल्यू अनमाउंट. त्यानंतर टीएमपीएफएसच्या जागी पेनड्राइव्ह माउंट करून पुन्हा तेच करा. अनमाउंट न करता दुसऱ्यांदा जोडलंत तर "अपरडिर इज इन-यूज" असा संदेश येतो आणि तो तुमच्या मूळ दोषाचा भाग नसतो.

पाचवी पायरी: कर्नल काय म्हणतो ते वाचा

माउंट फसल्याबरोबर, दुसरं काही करण्याआधी:

डीमेसेज | टेल

इनव्हॅलिड आर्ग्युमेंट हा संदेश डझनभर वेगवेगळ्या कारणांना एकच असतो. कर्नल मात्र ओव्हरलेएफएस या शब्दाने सुरू होणारी ओळ लिहून नेमकं कारण सांगतो. त्या सकाळी मी फोनवर सचिवांकडून ही कमांड एकेक अक्षर सांगून टाइप करून घेतली. उभी रेघ कीबोर्डवर कुठं असते हे समजवण्यातच दोन मिनिटं गेली. मग त्यांनी वाचून दाखवलं, "फाइलसिस्टिम ऑन... /आरडब्ल्यू/अपर... नॉट सपोर्टेड."

विचारलं, "पेनड्राइव्ह बदललाय का?" जुना गरम व्हायचा, म्हणून आदल्या दिवशी तालुक्याहून नवा आणून लावला होता. दुकानातून आलेला पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो. माझ्या स्क्रिप्टने /डेव्ह/एसडीए१ असं नाव धरून तो निमूटपणे माउंट केला, अपर आणि वर्क बनवल्या, आणि ओव्हरलेने नकार दिला. फॅटमध्ये नावांची लहान-मोठी अक्षरं एकच मानली जातात, नावं जुळवण्याची तिची रीत वेगळी आहे, आणि ओव्हरलेएफएस अशी फाइलसिस्टिम थर म्हणून घेत नाही. वरच्या थराला खास प्रकारचे एक्स्टेंडेड अॅट्रिब्यूटही साठवता यावे लागतात, तेही फॅटला जमत नाही. जुना पेनड्राइव्ह परत लावला आणि स्क्रीन सुरू झाली. नवा मी नंतर ईएक्सटी४ करून, लेबल देऊन नेला.

दुसऱ्या ओळीही ओळखीच्या असाव्यात.

"फेल्ड टु रिझॉल्व्ह" आणि पुढे -२: सांगितलेली डिरेक्टरी त्या जागी नाही. स्पेलिंग, माउंटचा क्रम, किंवा पेनड्राइव्ह अजून वर आलेलाच नाही. कार्ड लगेच सापडतं, यूएसबीला काही सेकंद जास्त लागतात. स्क्रिप्टमध्ये लेबल दिसेपर्यंत एकेक सेकंद थांबणारी, तीस फेऱ्यांची लूप घाला. कर्नलला दिलेला रूटडिले खऱ्या रूटसाठी असतो, तुमच्या पेनड्राइव्हच्या भरवशावर तो ठेवू नका.

"वर्कडिर अँड अपरडिर मस्ट रिसाइड अंडर द सेम माउंट": एक पेनड्राइव्हवर, दुसरी रॅममध्ये. वर सांगितलेली अट मोडली. "सेपरेट सबट्रीज" म्हटलं असेल तर एक दुसरीच्या पोटात ठेवली आहे. दोघी शेजारी शेजारी हव्यात.

"अपर एफएस इज आर/ओ": वरचा थर वाचण्यापुरताच माउंट झाला आहे. लाईट गेल्यानंतर हे पुष्कळदा दिसतं. पेनड्राइव्हच्या ईएक्सटी४ मध्ये गडबड झाली की कर्नल त्यावर लिहू देणं बंद करू शकतो. पेनड्राइव्ह अनमाउंट करून ई२एफएससीके चालवा आणि मग जोडा. इनिटरॅमएफएसमध्ये ती कमांड सापडली नाही तर पेनड्राइव्ह दुसऱ्या लिनक्स मशीनला लावून तपासा.

"स्टेल फाइल हँडल": वरचा थर एका खालच्या थराशी बांधला गेला होता आणि आता खाली दुसराच आहे. ओव्हरलेचा इंडेक्स हा पर्याय चालू असताना नवं कार्ड आणि जुना पेनड्राइव्ह एकत्र आले की हे होतं. इथं पर्याय बंद करून जबरदस्तीने जोडू नका. का ते सातव्या पायरीत येईल.

"मॅक्सिमम एफएस स्टॅकिंग डेप्थ एक्सीडेड": थरांवर थर, त्यावर थर. कर्नल दोनच्या वर जाऊ देत नाही. रूट स्वतःच ओव्हरले असताना त्यावर डॉकर (स्वतःही ओव्हरले वापरणारा कंटेनरचा प्रोग्राम) चालवायला गेलं की अशाच प्रकारच्या अडचणी येतात. डॉकरचा डेटा वेगळ्या ईएक्सटी४ पार्टिशनवर ठेवा. जुन्या एक्सएफएस फाइलसिस्टिमवर डी-टाइपची तक्रार आली तर ते पार्टिशन एफटाइप=१ देऊन नव्याने फॉरमॅट करण्यावाचून इलाज नाही.

एक गोष्ट पाहून घाबरू नका. वर्कच्या आत वर्क नावाची आणखी एक डिरेक्टरी दिसेल, तिच्या परवानग्या सगळ्या शून्य. ती कर्नलनेच केलेली असते.

सहावी पायरी: जोडलं, पण पुढे जात नाही

"कन्सोल उघडत नाही" ही तक्रार बहुधा /डेव्ह हरवल्याची असते. यूडेव्हची, म्हणजे /डेव्हमधल्या डिव्हाइस सांभाळणाऱ्या प्रोग्रामची, स्वतःची एक स्क्रिप्ट इनिट-बॉटममध्ये असते. ती /डेव्ह उचलून /रूट/डेव्हवर नेते. तुमची ओव्हरले स्क्रिप्ट तिच्यानंतर चालली आणि तिने /रूट उचलून /लोअरवर नेलं, तर /डेव्हही सोबत /लोअरच्या आत जातं. नव्या /रूटमध्ये /डेव्ह रिकामं राहतं. उपाय सरळ आहे, ओव्हरले आधी आणि यूडेव्ह नंतर. इनिटरॅमएफएसमधल्या स्क्रिप्ट/इनिट-बॉटम/ऑर्डर या फाइलमध्ये खरा क्रम दिसतो. स्क्रिप्ट लोकल-बॉटममध्ये हलवली तर प्रश्नच मिटतो, कारण तो टप्पा आधी येतो.

इनिटच सापडत नसेल तर वरच्या थरात व्हाइटआउट शोधा:

फाइंड /आरडब्ल्यू/अपर -टाइप सी

०, ० क्रमांकाची जी कॅरेक्टर डिव्हाइस निघतील ती सगळी खोडलेल्या फाइलींची चिन्हं. त्यात यूएसआर/एसबिन किंवा सिस्टिमडीशी (खरी सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) संबंधित नाव दिसलं तर कुणीतरी पॅकेज काढताना ते गेलं आहे. ओव्हरले जोडलेलं नसताना ते व्हाइटआउट काढून टाका, खालची फाइल पुन्हा दिसू लागते. जोडलेलं असताना अपरमध्ये थेट हात घालू नये. तसं केल्यास काय होईल याची हमी कर्नल देत नाही.

सिस्टिमडी इमर्जन्सी मोडमध्ये नेत असेल तर जोडलेल्या झाडातली ईटीसी/एफएसटॅब पाहा. तिथं / साठी कार्डाच्या पार्टिशनची जुनी ओळ असेल तर सिस्टिमडी ते पर्याय ओव्हरलेला लावू पाहते, एफएससीकेही करू पाहते. स्क्रिप्टनेच जोडणीनंतर ती ओळ कॉमेंट करावी. बदल वरच्या थरात जातो, कार्डावरची मूळ फाइल अबाधित राहते.

सातवी पायरी: सगळं चालतंय, पण चुकीचं

इथं मी जास्त थांबतो, कारण लोक इथंच सर्वाधिक वेळ घालवतात.

दुसऱ्या एका मशीनवर वरचा थर रॅममध्ये होता. त्यावर अपग्रेड चालवलं, सगळं व्यवस्थित झालं असं दिसलं. रीबूटनंतर सिस्टिम चढली, ओव्हरले बसलं, पण वायफाय नाही. अर्धा दिवस ड्रायव्हर शोधण्यात गेला. मग या दोन कमांड शेजारी शेजारी चालवल्या:

यूनेम -आर
एलएस /लिब/मॉड्यूल्स

पहिलीने नव्या कर्नलचा क्रमांक दाखवला, दुसरीच्या यादीत तो क्रमांकच नव्हता. बूट पार्टिशन ओव्हरलेत येत नाही, ते वेगळं असतं. म्हणून नवा कर्नल आणि नवी इनिटरॅमएफएस खरोखर कार्डावर लिहिली गेली. मॉड्यूल मात्र रूटमध्ये, म्हणजे रॅममधल्या वरच्या थरात गेले आणि रीबूटबरोबर उडाले. इनिटरॅमएफएसपुरते मॉड्यूल तिच्या पोटात होते म्हणून ओव्हरले बसलं, पुढे वायफायचं मॉड्यूल घ्यायला जागाच नव्हती. अपग्रेड करायचं तर ओव्हरले बंद करून बूट करा, किंवा उबंटूत ओव्हरलेरूट हे तयार पॅकेज वापरत असाल तर ओव्हरलेरूट-सीएचरूट मधून करा, ती कमांड खालच्या खऱ्या थरात लिहिते. आणि एरवी बूट पार्टिशनही फक्त वाचण्यापुरतं ठेवा.

याच्या उलटंही होतं. कार्ड नवं, अद्ययावत, पेनड्राइव्ह जुना. वरच्या थरात व्हीएआर/लिब/डीपीकेजी/स्टेटस ही फाइल केव्हातरी अख्खी कॉपी झालेली असते. ती खालच्या नव्या फाइलला झाकते. मग डीपीकेजी, म्हणजे पॅकेजं बसवणारी कमांड, जुनी पॅकेजं आहेत असं मानते आणि प्रत्यक्षात फाइली नव्या असतात. ईटीसी/पासडब्ल्यूडीचंही तसंच. खालचा थर बदलला की वरचा थर कोरा करा, फक्त तुमचा डेटा आधी बाजूला काढून घ्या. त्यासाठी डेटाला वेगळं पार्टिशन असणं सगळ्यात बरं. दुधाच्या नोंदी मी आता ओव्हरलेच्या थरात ठेवतच नाही.

रॅममधला थर हळूहळू भरतो हेही ध्यानात असू द्या. टीएमपीएफएस न सांगता निम्म्या रॅमइतकी जागा घेऊ शकते. लॉग साठत गेले की काही दिवसांनी मशीन घुसमटतं आणि रीबूट केल्यावर पुन्हा छान चालतं. हे लक्षण दिसलं की डीएफने /ची जागा पाहा आणि जर्नलची (सिस्टिमडीच्या लॉगची) मर्यादा बांधा.

ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्स असलेल्या राउटरमध्येही हीच रचना असते. /रॉमवर स्क्वॉशएफएस (फक्त वाचायची फाइलसिस्टिम), /ओव्हरलेवर लिखाण. तिथं आधीपासून असलेलं पॅकेज काढलं तरी जागा मोकळी होत नाही, उलट व्हाइटआउटमुळे किंचित कमी होते. बिघडलं तर फेलसेफ मोडमध्ये शिरून माउंट_रूट चालवायचं, मग /ओव्हरले/अपरमधली बिघडलेली फाइल काढता येते.

आठवी पायरी: दुरुस्ती पक्की करा

ओव्हरले बंद करून बूट करा. माउंटच्या यादीत / वर ओव्हरले नाही, ईएक्सटी४ आहे, याची खात्री करूनच पुढे जा. ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/मॉड्यूल्स या फाइलमध्ये ओव्हरले हा शब्द एका ओळीवर लिहा. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्या, ती नसेल तर इनिटरॅमएफएस तिच्याकडे दुर्लक्ष करते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला प्रीरेक्स हा शब्द आला तर अवलंबित्व छापून बाहेर पडणारा भाग असलाच पाहिजे. इनिटरॅमएफएस बांधताना क्रम ठरवण्यासाठी स्क्रिप्टला हा शब्द देऊन विचारलं जातं, आणि तो भाग नसेल तर तुमच्या चालू मशीनवर माउंट हलवण्याच्या कमांड चालू शकतात.

स्क्रिप्टमध्ये /डेव्ह/एसडीए१ लिहू नका. पेनड्राइव्ह असा तयार करा (-एल मधलं एल कॅपिटल):

एमकेएफएस.ईएक्सटी४ -एल आरडब्ल्यूलेयर /डेव्ह/एसडीए१

आणि स्क्रिप्टला आरडब्ल्यूलेयर हे लेबल शोधायला सांगा, माउंट करताना -टी ईएक्सटी४ द्या. लेबल सापडलं नाही तर रॅमवर वरचा थर उभा करून मशीन चालू करा आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत "नोंदी जतन होत नाहीत" असं दाखवा. सकाळी रांग उभी असताना काळ्या स्क्रीनपेक्षा ते केव्हाही बरं.

मग:

अपडेट-इनिटरॅमएफएस -यू
एलएसइनिटरॅमएफएस, आणि त्यातून ग्रेप ओव्हरले

यादीत मॉड्यूल आणि तुमची स्क्रिप्ट, दोन्ही दिसले पाहिजेत. रास्पबेरी पायवर कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये ऑटो_इनिटरॅमएफएस=१ आहे ना तेही पाहा, नाहीतर बांधलेली इनिटरॅमएफएस बूटला वापरलीच जात नाही.

ओव्हरले चालू करून रीबूट करा. फाइंडएमएनटी / दिलं की प्रकार ओव्हरले आणि पुढे लोअरडिर, अपरडिर, वर्कडिर दिसतील. एक रिकामी फाइल बनवा, पेनड्राइव्हच्या अपरमध्ये ती उमटली का पाहा. पुन्हा रीबूट करून तीच फाइल शोधा. मग पेनड्राइव्ह काढून एकदा बूट करा आणि "नोंदी जतन होत नाहीत" ही पाटी येते ना ते डोळ्यांनी पाहा. शेवटी मशीन चालू असताना प्लग ओढा, लाईट गेल्यासारखा, आणि परत लावा. मी हे तीनदा करतो, केंद्रावर, सचिवांच्या समोर.